गळणारा कार्बुरेटर : एका तरंगत्या डबीचा इतिहास

१/२९
सकाळी दाराशी उभी असलेली स्कूटर, तिच्याखाली फरशीवर पसरलेला तेलकट डाग आणि जिन्यापर्यंत पोहोचलेला पेट्रोलचा वास. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील असंख्य घरांनी हे दृश्य पाहिले आहे. 'कार्बुरेटर ओव्हरफ्लो होतोय' हे निदानही त्या काळी घरोघरी ठाऊक होते. परंतु ओव्हरफ्लो होतो म्हणजे नेमके काय बिघडते? या एका दोषाची मुळे अलेक्झांड्रियाच्या जलघड्याळापासून ब्रिटनच्या लढाऊ विमानांपर्यंत कशी पसरली आहेत, हे या धाग्यात पाहू. #थ्रेड

२/२९
आधी मूळ गरज समजून घेऊ. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. हे मिश्रणही मोजके असावे लागते. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे सर्वसाधारण प्रमाण होय. पेट्रोल फार कमी पडले तर इंजिन अडखळते, फार जास्त झाले तर प्लग भिजतो आणि ठिणगीच पडत नाही. वेग क्षणोक्षणी बदलत असताना हे प्रमाण सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले गेले, तो कार्बुरेटर.

३/२९
आरंभीच्या मोटारींत ही सोय फार ओबडधोबड होती. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत इंधनाच्या साठ्यावरून हवा नेऊन ती वाफेने भारली जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांसह याच बनावटीच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत वीसलोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन हे इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची लांब पिन घालून त्यांनी ती मोकळी केली, असे सांगितले जाते. इंधनाच्या वाटेतील कचरा हा मोटारीइतकाच जुना शत्रू आहे.

४/२९
वाफेवर चालणाऱ्या या कार्बुरेटरांत एक मूलभूत अडचण होती. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असते. त्यातील हलके घटक आधी उडून जात आणि जड घटक तळाशी उरत. त्यामुळे प्रवासाच्या आरंभी मिश्रण एक असे, शेवटी दुसरेच. शिवाय थंडी, उष्णता आणि रस्त्यावरचे धक्के यांनुसारही वाफेचे प्रमाण बदलत राही. सावकाश चालणाऱ्या गाडीचे यावर भागत असे. वेगवान इंजिनाला मात्र मोजून मापून मिळणारे इंधन हवे होते.

५/२९
उत्तर १८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी सापडले. बुडापेस्टमध्ये दोनात बान्की आणि यानोश चोन्का यांनी, तर जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल वाफवण्याऐवजी ते फवारण्याची रचना सिद्ध केली. एक फुलवाली तोंडाने फुलांवर पाणी फवारत होती, ते पाहून हंगेरियन संशोधकांना ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यातील उपमा अचूक आहे. कार्बुरेटर हा मुळात एक फवारा आहे.

६/२९
फवाऱ्यामागचे शास्त्र त्याहून पुष्कळ जुने. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब घटतो, हा विचार डॅनियल बर्नुली यांच्या १७३८ च्या ग्रंथाशी जोडला जातो. आवळलेल्या नळीतील प्रवाहाचा अभ्यास जोव्हानी व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. घरोघरी डास मारण्यासाठी वापरला जाणारा फ्लिटचा पंप आठवा. हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जातो आणि डबीतले औषध वर खेचले जाऊन त्याचे तुषार होतात. कार्बुरेटरात हा झोत इंजिन स्वतःच्या श्वासाने निर्माण करते. ज्या बारीक तोंडातून पेट्रोल उडते, त्याला जेट म्हणतात.

७/२९
परंतु फवाऱ्याची एक अट असते. पेट्रोलची पातळी त्याच्या तोंडाच्या किंचित खाली, अगदी काही मिलिमीटर खाली, कायम राहिली पाहिजे. ती फार खाली गेली तर झोताला पेट्रोल खेचता येत नाही. ती तोंडाच्या वर चढली तर इंजिन बंद असतानाही पेट्रोल आपोआप ओघळू लागते. आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. गळणारा कार्बुरेटर म्हणजे बहुधा पातळीवरचा ताबा सुटलेला कार्बुरेटर. मग ही पातळी राखतो कोण? तर पेट्रोलवर तरंगणारी एक पोकळ डबी. तिलाच फ्लोट म्हणतात.

८/२९
तरंगत्या वस्तूकडून पातळी राखून घेण्याची युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओस याने जलघड्याळातील पाण्याचा पुरवठा एकसारखा राखण्यासाठी ती वापरली असे मानले जाते. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपल्या यंत्रग्रंथात शंकूच्या आकाराच्या झडपा आणि तरंगते गोळे यांची कितीतरी कल्पक रूपे वर्णिली. आपल्या गच्चीवरच्या टाकीतील बॉल कॉक याच कुळातला. टाकी भरली की चेंडू वर येतो आणि पाणी बंद होते. माणसाने पाहारा देण्याची गरज उरत नाही.

९/२९
कार्बुरेटरात हेच तत्त्व अंगठ्याएवढ्या जागेत बसवलेले असते. टाकीतून येणारे पेट्रोल एका छोट्या कक्षात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, उतरते. प्रवेशाच्या छिद्राला सीट म्हणतात. त्यात टोकदार सुई बसते. मिस्त्री तिला पिन म्हणतात. पेट्रोल साचू लागले की फ्लोट वर उचलला जातो आणि सुईला सीटमध्ये दाबतो. वाट बंद. इंजिनाने पेट्रोल ओढले की पातळी उतरते, फ्लोट खाली येतो, सुई सुटते. वाट मोकळी. धावत्या इंजिनात हे सूक्ष्म उघडणे-मिटणे अखंड चालू असते.

१०/२९
या झडपेवर किती जोर येतो ते आकड्यांत पाहू. समजा टाकीतील पेट्रोल सुईपेक्षा ३० सेंटिमीटर उंचीवर आहे. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणजे घनता सुमारे ०.७४. तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २२ ग्रॅम भार येतो. सीटचे छिद्र २ मिलिमीटर व्यासाचे धरले तर सुईवरचा प्रत्यक्ष भार एका ग्रॅमहूनही कमी! इतक्या क्षुल्लक बळाला थोपवण्यासाठी हलकी पोकळ डबी पुरते. मात्र याचाच अर्थ असा, की सुईखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो चिरडून वाट बंद करण्याइतकी ताकद त्या डबीत नसते.

११/२९
म्हणूनच गळतीची कारणे मोजकी आणि ठरलेली आहेत. सीटवर कचरा किंवा गंजाचा कण बसणे. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सुईच्या टोकावर गोल कडे पडणे. फ्लोट ज्या आडव्या खिळीवर डोलतो ती झिजून तो अडकणे. फ्लोटला सुई दाबणारी जिभली वाकल्याने पातळीच चुकणे. झाकणाखालचे पॅकिंग कडक होऊन फुटणे. आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे फ्लोटलाच भोक पडणे.

१२/२९
भोक पडलेल्या फ्लोटचे वर्तन मराठी वाचकाला परक्या उपमेने समजावण्याची गरज नाही. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात सोडलेले घटिकापात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगे, हळूहळू भरे आणि २४ मिनिटांनी बुडे, घटिका भरे. छिद्र पडलेला पितळी फ्लोट हा असाच कार्बुरेटरातील घटिकापात्र होतो. पेट्रोल आत झिरपते, डबी जड होते आणि बुडते. सुई उघडीच राहते. फरक एवढाच, की इथे मुहूर्त गळतीचा असतो.

१३/२९
गंमत अशी, की मोटारसायकलींच्या जगात ही गळती दीर्घकाळ मुद्दाम घडवली जाई. ब्रिटिश अमल कंपनीच्या जुन्या कार्बुरेटरांवर 'टिकलर' नावाची छोटी कळ असे. ती दाबली की फ्लोट खाली ढकलला जाई, पातळी नेहमीपेक्षा वर चढे आणि थंड इंजिनाला हवे असलेले गडद मिश्रण मिळे. बोटाला पेट्रोलचा ओलावा लागला की चालक किक मारण्यास सिद्ध होई. दोष आणि सोय यांत फरक होता तो केवळ मात्रेचा.

१४/२९
फ्लोटची खरी मर्यादा वेगळीच होती. तो गुरुत्वाकर्षणाचा अंकित आहे. 'वर' आणि 'खाली' या दिशा निश्चित असतील तोवरच त्याचे गणित बरोबर. रस्त्यावरच्या वाहनात याने फारसे अडत नाही. आकाशात मात्र अडले, आणि तेही माणसांच्या जिवावर बेतण्याइतके. म्हणून स्कूटरकडे वळण्यापूर्वी १९४० च्या इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे राष्ट्राचे रक्षण करणाऱ्या विमानांचे इंजिन ऐन लढतीत बंद पडत होते आणि कारण होते फ्लोट चेंबर.

१५/२९
स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते आणि त्याला फ्लोटवर चालणारा कार्बुरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक झटकन खाली घातले, की क्षणभर आतले सारे वर फेकले जाई. चेंबरातील पेट्रोल छताशी जाई आणि जेट कोरडे पडून इंजिन अडखळे. त्यानंतरचा टप्पा अधिक वाईट होता. फ्लोटचा ताबा सुटून सुई सताड उघडे, पंपाच्या दाबाने चेंबर तुडुंब भरे आणि अतिरिक्त पेट्रोलने इंजिन गुदमरे. अंगणातल्या स्कूटरचा ओव्हरफ्लो तो हाच, फक्त हजारो फूट उंचीवर.

१६/२९
समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या डाइमलर-बेंझ इंजिनात कार्बुरेटरच नव्हता; इंधन थेट दाबाने आत सोडले जाई. त्यामुळे जर्मन वैमानिक सरळ सूर मारून निसटू शकत. ब्रिटिश वैमानिकाला मात्र पाठलागासाठी आधी विमान उलटे करून मग खाली खेचावे लागे, म्हणजे पेट्रोल चेंबरच्या तळाशीच दाबलेले राही. या उलटापालटीत मोलाचे क्षण जात. आणि त्या लढाईत काही क्षण म्हणजे जीव वाचणे किंवा जाणे.

१७/२९
तोडगा काढला तो बिआट्रिस शिलिंग या अभियंतीने. फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये त्या काम करत. त्या स्वतः मोटारसायकल शर्यतींत भाग घेत आणि ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण केल्याबद्दल त्यांना सुवर्णतारा मिळाला होता. त्यांचा उपाय विलक्षण साधा होता. पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाच्या छिद्राची धातूची चकती. इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी जेवढे पेट्रोल लागते तेवढेच तिच्यातून जाई. सुई उघडी राहिली तरी चेंबर बुडेना. १९४१ च्या आरंभापासून विमानतळांवर जाऊन ती बसवण्यात आली.

१८/२९
या चकतीने फ्लोटचा दोष नाहीसा केला नाही. त्याचा सर्वांत घातक परिणाम तेवढा आवरला. पुढे दाबावर चालणारे कार्बुरेटर आले तेव्हाच विमाने या बंधनातून पूर्ण सुटली. तरीही शिलिंग यांची दृष्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे. यंत्र बदलणे शक्य नसेल तर बिघाड नेमका कोणत्या क्षणी, कोणत्या वाटेने होतो हे ओळखावे आणि तेवढ्याच जागी हात घालावा. याच दृष्टीने पुढे आपल्याकडच्या गॅरेजांतील मिस्त्री स्कूटरकडे पाहणार होते.

१९/२९
युद्ध संपले आणि आकाशातील तंत्रज्ञ जमिनीवर उतरले. इटलीतील पोंतेदेरा येथील पियाजिओचा विमान कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. एन्रिको पियाजिओ यांनी स्वस्त वाहनाचे काम कोर्रादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्यावर सोपवले. त्यांना मोटारसायकली मुळीच आवडत नसत, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी वेगळा विचार केला. पत्र्याची अखंड काया, पाय ठेवण्यास मोकळी जागा, साखळीविना थेट चाकाला जोडलेले इंजिन. एप्रिल १९४६ मध्ये व्हेस्पाचे पेटंट नोंदवले गेले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी.

२०/२९
व्हेस्पाच्या रचनेत पेट्रोलची टाकी सीटखाली आणि कार्बुरेटर तिच्याही खाली, इंजिनावर. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने उतरते. ही योजना स्वस्त आणि निर्धोक होती. पण तिचा एक परिणाम अटळ होता. स्कूटर उभी असतानाही, रात्रभर, टाकीतील पेट्रोल त्या सुईवर दाब देतच राहते. म्हणून वाटेत पेट्रोल कॉक बसवला गेला: बंद, चालू आणि रिझर्व्ह. कॉक आणि सुई असे हे दोन पहारेकरी. चालक कॉक बंद करण्यास विसरला की सारी भिस्त एकट्या सुईवर.

२१/२९
ही स्कूटर महाराष्ट्रात रुजली ती बजाजमुळे. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात केली. पुढे उत्पादनाचा परवाना मिळून बजाज ऑटोने पियाजिओच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे स्कूटर बनवण्यास आरंभ केला. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया लॅम्ब्रेटा बनवत होती. १९७१ मध्ये पियाजिओशी करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' अवतरली. इटालियन नाव गेले, पण कार्बुरेटरची घडण इटलीच्या देलोर्तो परंपरेचीच राहिली.

२२/२९
ते परवान्यांचे युग होते. कारखान्याने किती वाहने बनवावीत हे सरकार ठरवी, आणि मागणी त्याहून कितीतरी अधिक. नोंदणी करून स्कूटर हाती येण्यास अनेक वर्षे, काही वेळा दहा वर्षेही लागत. घेतलेली स्कूटर मोडीत काढून नवी घेणे हा पर्यायच नव्हता. ती दुरुस्त करायची, पुन्हा दुरुस्त करायची आणि मुलाच्या हाती सोपवायची. या टंचाईनेच महाराष्ट्राच्या प्रत्येक पेठेत आणि नाक्यावर एक विद्यापीठ उघडले. त्याला आपण गॅरेज म्हणत होतो.

२३/२९
त्यातच १९७३ चे तेलसंकट आले आणि जगभर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. आता गळतीचा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब, आणि थेंब ०.०२ मिलिलिटरचा धरू. तासाला ७२ मिलिलिटर. आठ तासांच्या रात्रीत अर्ध्या लिटरहून अधिक. लिटरमागे ४० किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरचा २० किलोमीटरहून अधिक प्रवास फरशीवर सांडला. पगारदार कुटुंबाच्या महिन्याच्या अंदाजपत्रकात हा थेंब क्षुल्लक नव्हता.

२४/२९
जाणता मिस्त्री एकदम पाना उचलत नसे. तो प्रथम कॉक बंद करून पाहत राही. गळती थांबली तर दोष खाली, कार्बुरेटरात. थांबली नाही तर दोष कॉकमध्ये किंवा त्याच्याही वर. एका हालचालीत निम्मी कारणे बाद! आणि कॉक बंद असूनही रात्री कार्बुरेटर ओसंडला असेल तर एकच निष्कर्ष उरतो: दोन्ही पहारेकरी झोपले आहेत. अशा वेळी केवळ सुई बदलून भागत नाही. कॉकचा वायसरही बदलावा लागतो. मग कोरड्या फडक्याने सारे पुसून पहिला ओलावा कोठे उमटतो ते तो पाही. पाइपच्या जोडाशी, पॅकिंगपाशी की कार्बुरेटरच्या तोंडाशी.

२५/२९
ओलावा तोंडाशी उमटला तर चेंबरवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी. गळती थांबली तर सुईखाली कचरा होता. टाकी, गाळणी आणि सीट साफ करायची. नाही थांबली तर झाकण उघडायचे. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खुळखुळले तर भोक नक्की. शंका उरली तर तो गरम पाण्यात बुडवायचा, म्हणजे बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. सुईच्या टोकावर नख फिरवायचे. कडे लागले तर ती बदलायची. फ्लोट झाकणाला टांगलेला असेल तर झाकण उलटे धरून नळीतून फुंकायचे. फुंकर अडली म्हणजे झडप शाबूत. ही सारी परीक्षा कोणत्याही मीटरविना होई.

२६/२९
या विद्येला एक सावधगिरीची बाजूही होती. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून गळती असलेली स्कूटर बंद खोलीत, जिन्याखाली किंवा देवघरातील दिव्याजवळ ठेवू नये हे जाणकार बजावून सांगत. गळके पेट्रोल इंजिनातही उतरते. तेव्हा प्लग काढून, ठिणगी पडणार नाही अशी व्यवस्था करून, मोकळ्या हवेत किक मारून ते बाहेर काढावे लागे. पितळी फ्लोटला डाग देण्यापूर्वी आतले पेट्रोल पूर्ण उडवणे अत्यावश्यक. नाहीतर ती डबी हातातच स्फोट पावे.

२७/२९
आता स्कूटर तिरकी करण्याविषयी. किक मारण्यापूर्वी चेतक एका बाजूस कलती करणे हा साऱ्या देशाचा विधी होता. मिस्त्री त्याचे कारण सांगत ते आता आपल्याला उमगू शकेल. स्कूटर कलली की चेंबरातील पातळी आणि फ्लोट यांचे नाते क्षणभर बिघडते, सुई सुटते आणि थोडे अधिक पेट्रोल आत येते. ब्रिटिश मोटारसायकलीवर जे काम टिकलर करी, ते इथे चालकाच्या दोन्ही हातांनी होई. मर्लिनला आकाशात घातक ठरलेला गुण आपल्याकडे थंडीच्या सकाळी उपयोगी पडे.

२८/२९
मग काळ बदलला. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, पुढे मोटारसायकलींनी बाजार जिंकला आणि २००५ च्या सुमारास जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाकींत कार्बुरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. त्याच वर्षी चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परतले. जुन्या स्कूटरी अजून सांभाळणाऱ्यांपुढे मात्र नवा प्रश्न आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा कडक करते. म्हणून जुनी नळी, पॅकिंग आणि रबरी टोकाची सुई आता अधिक वेळा तपासावी.

२९/२९
नवी यंत्रणा निःसंशय सरस आहे. ती कमी धूर सोडते आणि फरशीवर डाग पाडत नाही. पण तिचा बिघाड पडद्यावरच्या सांकेतिक अंकांत उमटतो. तो वाचण्यास कंपनीचे उपकरण लागते. कार्बुरेटरचा बिघाड थेंबांच्या लिपीत लिहिलेला असे, आणि ती लिपी शाळा अर्धवट सोडलेला पोरगाही दोन वर्षांत शिकून पोट भरू शके. थेंब कोठून येतो, कधी थांबतो, कशाने पुन्हा सुरू होतो, एवढे पाहण्याचा संयम पुरेसा होता. इतिहासात कार्बुरेटरची नोंद एक कालबाह्य सुटा भाग म्हणून होईल. त्याने घडवलेल्या हजारो तर्कनिष्ठ हातांची नोंदही व्हावी, एवढ्यासाठी हा धागा. आपल्या गावातील अशा एखाद्या मिस्त्रीची आठवण असेल तर खाली अवश्य लिहा.